जेवढं विचारलं तेवढंच

आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या मावशी कधी सरळ बोलत नसत, आणि हे शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला उशीर झाला की म्हणायच्या, "आलीस? एवढ्या लवकर कशाला तडफडलीस?" मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाल्या, "कार्टीनं नाक कापलं बघ माझं," आणि डोळे पुसत हसत सुटल्या.

एकदा चाळीस चादरी कमी भरल्या. चौकशी लागली. मी ऑफिसात टायपिस्ट, त्यामुळे जबाब टाइप करायला मलाच बसवलं. साहेबांनी मावशींना विचारलं, "चादरी तुम्ही नेल्या का?"

मावशींचा पारा चढला. "हो, मीच नेल्या! महाल बांधलाय ना मी, सगळ्या पलंगांवर अंथरल्यात!"

मला हसू आलं. साहेब नवे होते, त्यांना आलं नाही. "जेवढं विचारलं तेवढंच घ्या," ते म्हणाले. मी टाइप केलं, 'होय, मी नेल्या.' महाल राहिला बाहेरच.

'साहेब, त्या चिडून बोलल्या.' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं मला. पण माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि साहेबांपुढे माझी दातखीळ बसायची. मावशींना वाचता येत नव्हतं. अंगठा उठवण्याआधी त्यांनी मला विचारलं, "मी बोलले तेच लिहिलंयस ना गं?"

"हो," मी म्हणाले. शब्द त्यांचेच होते की! ही पळवाट मला त्याच क्षणी सुचली, याचीच जास्त लाज वाटते.

मावशींना कामावरून काढलं. दोन महिन्यांनी बंद वॉर्डातल्या कपाटात चादरी सापडल्या, चाळीसच्या चाळीस. पण फाइलीत कबुली होती. कबुलीपुढे कपाटाचं कोण ऐकतंय?

मग मात्र मला राहवेना. मावशींच्या घरी गेले. त्या दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, रडले. "उद्याच लेखी देते, की मी अर्धंच लिहिलं. पण मावशी, मला चार शिव्या तरी घाला हो."

त्यांनी पदराला हात पुसले आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही."