ड्राफ्टमधली अकरा पत्रं

मित्रांनो, माझी जुनी ईमेल सेवा महिनाअखेर बंद होते आहे. आज दुपारी लेकीने माझ्यासाठी नवी निवडली, फोनवर ॲप टाकलं आणि सगळी पत्रं तिकडे हलवली.

"बाबा, ड्राफ्ट नाही आले. अकरा आहेत, सगळे मोठेबाबांना. पाठवले काहून नाही?"

दादाशी, म्हणजे तिच्या मोठेबाबांशी, भांडण झाल्यापासून मी दरवर्षी एक लिहीत आलो. खिडकीतल्या उन्हात ती पत्रं मला बरगी धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या गावांसारखी दिसली.

"चलो, डिलीट करून टाकू?" लेकीने विचारलं.

मी सर्वांत लहान पत्र उघडलं. 'दादा, घरी ये.' जुन्याच पत्त्यावरून पाठवलं, कारण दादाला तेवढाच माहीत आहे.

आता महिना संपेपर्यंत तो पत्ता रोज उघडून बघेन. तुमचं कुणाला लिहिलेलं असं थांबलंय का?