माझ्या चपला आणि ठकीची घोंगडी

सत्तरच्या आसपासची गोष्ट. हिर्डोशीहून एसटीने भोरला आले आणि आठवीसाठी मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथे वरून हुकूम आलेला... प्रत्येक खोलीत वेगवेगळ्या समाजाच्या मुली मिसळून ठेवायच्या.

मला त्या हुकुमात पहिल्या दिवसापासून काळंबेरं वाटत होतं. आम्ही बौद्ध. कागदावरची समता गावात आली की तिचं काय होतं ते मी बघितलं होतं. साहेब तपासणी करून गेले की आपली वळकटी व्हरांड्यात जाणार, हे मी धरूनच चालले होते.

माझ्या खोलीत ठकी होती. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिची एक काळी घोंगडी होती. मी जवळ गेले की ती झटकन ओढून घ्यायची... दर वेळी. बोलायची काहीच नाही.

मनात म्हटलं, आली का जात आडवी. महिनाभर गप्प राहिले, मग सरळ रेक्टरबाईंकडे लेखी तक्रार दिली. बाई कडक. विटाळ पाळत असेल तर उद्याच्या गाडीने घरी पाठवते म्हणाल्या. अख्ख्या वाड्यातून शाळेला आलेली ठकी पहिलीच मुलगी, हे मला माहीत होतं. तरी मी हटले नाही.

बाईंनी तिला माझ्यासमोर उभं केलं. ठकी रडकुंडीला आलेली. "शिवू नगं असं म्या कवा म्हनलं, बाई? ही चपला घालून येती. आमी घोंगडीवर देव मांडतो."

मी खाली पाहिलं. खोलीतसुद्धा मी चपला काढत नसे. निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं... "तितं कुणाम्होरं चपला काढायच्या न्हाईत."

खरं सांगते, तरी माझा विश्वास बसला नाही. थाप असणार. ठकीच्या मागोमाग खोलीत गेले, मुद्दाम मधोमध चपला काढल्या आणि घोंगडीवर जाऊन बसले. आता ओढ म्हटलं.

तिने ओढली नाही. वाकून माझ्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या, दाराशी जोडून ठेवल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तक्रारीचा कागद मी त्याच दुपारी बाईंकडून परत आणला.

गावात वरच्या आळीतून जाताना आबा कायम आपल्या चपला काढून हातात घ्यायचे. आमच्या घरातल्या चपला दुसऱ्या कुणाच्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. हुकूम काढणाऱ्यांवर माझा अजूनही फारसा भरवसा नाही... ठकीवर आहे.