काकूंचे हात

माशीनेसुद्धा आत शिरण्याआधी दोनदा विचार करावा असं घर अख्ख्या कोपरखैरण्यात एकच, आमच्या समोरच्या काकूंचं. काकू मूळच्या सातारच्या. सकाळी जिन्यात फिनेलचा वास पसरला की सगळ्या मजल्यांना कळायचं, काकू उठल्या. सायकलवर सुटं फिनेल आणि ॲसिड विकणारा सोसायटीच्या गेटवर आला की थेट काकूंनाच हाक मारायचा. घासून घासून त्यांच्या मोरीतल्या फरशीवरची फुलं केव्हाच नाहीशी झाली होती. स्वतःचा उंबरठा झाला की त्या माझाही पुसायच्या. मी म्हणायची, "काकू, राहू द्या हो, वास डोक्यात जातो." तर म्हणायच्या, "आगं, वास आल्याबिगर साफ झालंय ह्ये कळायचं कसं?" घ्या!

पण बाईंचे हात बघवत नव्हते. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, तळव्यांना भेगा, भाकरी थापताना पिठातलं मीठही झोंबायचं. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली. फिनेल, ॲसिड बंद, आणि भांडी घासताना रबरी हातमोजे. काकूंनी मोजे आणले, तर हात आणखीच सुजले! कारण मला गॅलरीतल्या दोरीवर दिसलं. मोजे उलटे करून, आतून फिनेलने धुऊन वाळत घातले होते.

"मग? आतला घाम तसाच ठिवायचा व्हय?"

मला हसू आवरेना, आणि रागही आला. कारण काकूंची लेक बाळंतपणाला घरी आली होती, आणि नातवंडाला आपणच न्हाऊ घालायचं हे काकूंनी तिच्या लग्नापासूनच ठरवलेलं. मी तोंडावर सांगितलं, "काकू, या हातांनी चोळलंत तर बाळाच्या अंगावर ओरखडे उठतील." संध्याकाळी त्यांनी फिनेलची बाटली माझ्या दारात आणून ठेवली. घरात काका साध्या पाण्याने फरशी पुसू लागले आणि काकू तोंड फिरवून बसू लागल्या. बिचारीने खरंच मनावर घेतलं.

हात निवळत होते, पण नातू लवकर आला. भेगा अजून ओल्याच. तेल-पाण्याला मला बोलावलं. मोरीत पाटावर बसून काकूंनी पाय लांब केले. "हात न्हाईत तर न्हाईत, पाय हायत की. ठेव त्याला." मी बाळाला त्यांच्या पायांवर पालथं घातलं, तेल चोळलं, कोमट पाणी ओतलं. काकूंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. बाळाने भोकाड पसरलं तसे ते बाहेर आले, आणि काकूंनी पुन्हा आत ओढून घेतले.

"लई मऊ लागतंय का गं हाताला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली आणि कोमट पाण्याचा पुढचा तांब्या ओतला.