दहापैकी तीन

कंबर दुखणाऱ्या माणसाला दोन जिने चढायला लावणारं क्लिनिक दिल्लीत मयूर विहारच्या मार्केटात आहे. पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. मला वाटलं होतं, पालथं झोपवतील, शेक देतील, जरा मालीश करतील. कसलं काय! थेरपिस्टबाईंनी तासभर प्रश्न विचारले, वाकवलं, एकेक पाय उचलून बघितला आणि शेवटी पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. अहो, अठ्ठावन्न वर्षं श्वासच घेतेय ना मी!

मला घाई होती. फेब्रुवारीत ऑफिसांच्या बॅडमिंटनच्या मॅचेस होत्या आणि माझी डबल्सची जोडीदारीण, शेजारच्या सेक्शनमधली नागपूरची मैत्रीण, मार्चमध्ये रिटायर होणार होती. बारा वर्षं आम्ही एकत्र खेळलो. तिची ही शेवटची टूर्नामेंट. माझ्या मणक्यातली गादी सरकल्याचं कळल्यावर तिने एवढंच विचारलं, "खेळशील ना? नाहीतर मी दुसरी बघते."

"बिल्कुल खेळणार," मी म्हटलं.

दर वेळी बाई आधी विचारायच्या, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? मी सांगायची, तीन. खरं तर डाव्या पायात टाचेपर्यंत अशी कळ जायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण आमच्या घरात तापाने फणफणलेलं माणूससुद्धा "ठीक आहे, चाललंय" म्हणायचं. रडगाणं आईला खपायचं नाही. मला तर तीनसुद्धा जरा जास्तच वाटायचे.

तीन म्हटल्यावर बाई पुढचा व्यायाम द्यायच्या. रबरी पट्टा आला, ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं आलं, मग वजन उचलणं आलं. मी दात-ओठ खात करायची आणि घरी येऊन नवऱ्यावर खेकसायची, ह्या बाईला काही येत नाही, फरक शून्य. तो बिचारा म्हणायचा, अगं, दुखतंय ते सांग ना तिला. तिला दिसत नाही का, मी म्हणायची.

सहाव्या आठवड्यात वजन उचलताना कंबर अशी धरली की सरळ उभंच राहता येईना. बाईंनी आडवं केलं आणि विचारलं, कितना? मी म्हटलं, आठ. आणि रडूच फुटलं. मग त्यांनी पहिल्या दिवसाचं खरं विचारलं. सात, मी म्हटलं.

बाई फाइलमधले माझे सगळे तीन बघत राहिल्या. "मॅडम, छह हफ्ते से मैं किसी और का इलाज कर रही थी."

आता पुन्हा पोटातल्या श्वासापासून सुरुवात, आणि तीन महिने खेळायचं नाव नाही. मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. तो अजून गेलेला नाही.

घरी येऊन मैत्रिणीला फोन केला. दर सोमवारी डबा खाताना ती विचारायची आणि मी तिलाही तीनच सांगायची. जोड्यांची नावं द्यायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. आता तिला दुसरी जोडीदारीण घेता येणार नव्हती.

"मला तरी खरं सांगायचंस," ती म्हणाली.

तुला टेन्शन नको म्हणून, मी म्हटलं. ती म्हणाली, परवाच रॅकेटला नवी जाळी घालून आणली होती. रागावलीस का, मी विचारलं.

"नाही गं. ठीक आहे."

आकडा विचारायचा मला धीर झाला नाही.