सुमनताईंची काच

सुमनताई फोटो काढताना कधी ‘हसा’ म्हणाल्या नाहीत. देवणीच्या बसस्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ होता. माणूस स्टुलावर बसला की त्या आधी विचारायच्या, “जेवलास का?” उत्तर काहीही आलं तरी कॅमेरा खालीच. मग म्हणायच्या, “हसू नगं. हाय तसा बस.” लग्नाच्या मुलींच्या आया यावर चिडायच्या. लेकीचा फोटो पाहुण्यांना पाठवायचा आणि ही बाई हसू देत नाही म्हणजे काय! तरी गाव त्यांच्याकडेच जायचं, कारण त्यांच्या फोटोत माणूस त्याच्यासारखा दिसायचा.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसलो तो कावीळ झालेला मुलगा म्हणून. खरं तर मला कावीळ कधी झालीच नव्हती. बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी मला लातूरला क्लासला ठेवलं होतं. तिथं आधी झोप गेली, मग भूक गेली, मग वाचलेली ओळ डोक्यात शिरेना. खोलीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो, आणि उगाचच रडू यायचं. आबा, म्हणजे माझे वडील, येऊन मला घरी घेऊन गेले. उपचार मात्र नांदेडला सुरू केले, कारण लातुरात निम्म्या गावाची पोरं. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, घरच्यांनी गावाला कावीळ सांगितली. गावानं ती फारच मनावर घेतली. कुणी मुळ्याचा पाला आणून दिला, कुणी उसाचा रस. थाप टिकावी म्हणून बाहेरचं कुणी जेवायला असलं की आई माझ्या ताटात बिनतेलाची भाजी वाढायची. औषधानं मला बरं वाटू लागलं, तरी कावीळ काही उतरेना.

उदगीरच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा म्हणून मी फोटोला गेलो होतो. सुमनताई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

“कावीळ झालती म्हणं तुला?”

“हो.”

“आमच्या घरी ‘शेतात गेलाय’ म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ. झोपायचा न्हाई, कुणाशी बोलायचा न्हाई. कुणी आलं का शेतात गेलाय.”

मी तिथंच रडलो. त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला, समोरून चहा मागवला आणि ‘रडू नको’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

स्टुडिओच्या दर्शनी बाजूला मोठी काच होती. काचेआड नवरा-नवरी, जावळ काढलेली बाळं, फेट्यातले पुढारी. त्या सालात सुमनताईंनी हे सगळे खाली उतरवले आणि तिथं मनाच्या आजारातून उठणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोटो लावायचे ठरवले. पाठमोरे नाहीत, चेहरा झाकलेले नाहीत. आधी देगलूरची एक नर्सिंग शिकणारी मुलगी तयार झाली, मग एक ट्रॅक्टर चालवणारा. मला त्यांनी आठवडाभर रोज विचारलं. “आज हो म्हणलास. उद्या न्हाई म्हणलास तरी माझा राग न्हाई.” शेवटी माझाही फोटो लागला. खाली माझ्याच शब्दांत ओळ होती, ‘मी आजारी होतो. औषध घेतो. आता बरा होतोय.’

गावात बोभाटा झाला. काचेवर कुणीतरी शेण फेकलं. सुमनताईंनी काच धुतली आणि फोटो तसेच ठेवले. आबा माझ्याशी बोलेनासे झाले. त्यातच माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, सोयरीक आली.

आबा स्टुडिओत आले तेव्हा मी तिथंच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दिवाळीला घरी काढलेला फोटो मोबाइलवर दाखवत म्हणाले, “पाव्हण्याला पाठवायचाय. ह्यातला कडंचा पोरगा तेवढा कापून द्या. आन् काचेतला बी चार दिस काढा. पाव्हणे एस्टीनं येत्यात, हितंच उतरत्यात.”

सुमनताईंनी मोबाइल हातात घेतलाच नाही.

“आबा, माझ्या लग्नात माझ्या भावाला मागच्या खोलीत ठेवलं. अल्बमात सारं गाव हाय, त्यो न्हाई. पुढं एक दिवस घरातून निघून गेला. पोलीस ठाण्यात म्हणाले, फोटो द्या, शोधतो. घरात त्याचा एक बी फोटो न्हवता. काचेतला फोटो तुमच्या लेकराचा हाय, त्याला इचारा. त्यो म्हणंल तर आत्ता काढते. पर माझ्या दुकानात माणूस कमी करून मिळत न्हाई.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी.

“राहू द्या तो,” मी म्हणालो. आबा मोबाइल खिशात घालून निघून गेले.

घरी ताईनंच तड लावली. “भाऊ कापलेला फोटो बघून येणारं घर मला नगं,” ती म्हणाली आणि अख्खा फोटो तिनंच पाठवून दिला.

सुमनताई मागच्या साली गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला पाहुणे आले तो दिवस दिसतो, आणि त्या दिवशी त्या आमच्या घरी नव्हत्याच. ती सोयरीक जमली नाही, हे आधीच सांगतो. ताईचं लग्न पुढे दुसरीकडे झालं.

बैठकीत पाहुणे होते, गावातले चार जाणते होते. पोहे झाले, पाणी झालं. मग मुलाचा मामा माझ्याकडे बघत म्हणाला, “स्टँडवर काचेत फोटो हाय, त्यो ह्योच न्हवं?”

ताई खाली मान घालून बसली होती. गावातले एक जण आमची बाजू सावरायला पुढे झाले, “कावीळ झालती जी त्याला, लई जोराची.”

“न्हाई,” आबा म्हणाले. त्यांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “कावीळ न्हवती. मनाचा आजार होता. नांदेडचं औषध चालू हाय. माझा पोरगा हाय त्यो.”

दारात उभी असलेली आई आत गेली. जेवणाची पानं वाढली तेव्हा तिनं सगळ्यांदेखत माझ्या ताटातल्या शेंगाच्या चटणीत बोटानं खळगा केला आणि त्यात काठोकाठ तेल ओतलं.