माहेरचं नाव काय?

कुणाच्याही घरी गेली की चहाच्या कपाला हात लावायच्या आधी सगुणाआत्या घरातल्या म्हातारीला विचारायची, "माहेरचं नाव काय तुमचं?" म्हणजे आडनाव नव्हे, लग्नात बदलण्याआधीचं स्वतःचं नाव. बायका लाजायच्या. एखादीला ते चटकन आठवायचंही नाही. तोवर चहा निवून जायचा.

सगुणाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गंगाखेडला शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि घराण्याच्या वंशावळीमागे हात धुऊन लागली. तेव्हा जातीच्या प्रमाणपत्रासाठी घरोघरी वंशावळी निघत होत्या, तशी आमच्या भाऊबंदांनीही एक काढून आणली. खापरपणजोबांपासून माझ्या मुलापुतण्यांपर्यंत सगळे पुरुष. आत्यानं ती चष्मा लावून वाचली.

"लय भारी. हे सगळे काय झाडाला लागले व्हते का?"

"आत्या, तहसीलमध्ये बायकांची नावं लागत नाहीत," मी म्हणालो.

"तहसीलला लागत नसतील. मला लागतेत."

मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आपली वंशावळ मांडली. घरच्या लेकीही घेतल्या आणि प्रत्येक सुनेची दोन नावं, सासरचं आणि माहेरचं. हा हट्ट तसा जुनाच. तिच्या लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायला लागला, तर हिनं ताटच सरकवलं. "हाय ते नाव काय वाईट हाय?" असं भर मांडवात म्हणाली. सासरचे पुढं कितीतरी दिवस धुसफुसत होते.

वंशावळीत एकच जागा रिकामी होती, आणि ती नेमकी तिच्या आईची. सासरचं नाव पार्वती. माझ्या वडिलांच्या बाळंतपणात आजी गेली, तेव्हा आत्या बोबडं बोलत होती. आजोबा शेवटपर्यंत 'तुझी माय' एवढंच म्हणत. वालूरचं आजोळही केव्हाच उठून गेलेलं.

"जगाला विचारायले अन् माझ्याच मायचं नाव ठाव न्हाई," ती म्हणायची. तेव्हा तिच्याकडं बघवत नसे. मी विषय बदलायचो.

बोरीला एका लग्नात जेवणं उरकल्यावर तिनं एका पार वाकलेल्या म्हातारीला गाठलं. म्हातारी माहेरची वालूरचीच निघाली. आत्यानं आजोळच्या घराची खूण सांगितली. आई गंगाखेडला दिलेली, लवकर गेली, तेही सांगितलं. म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "सगुणा."

"बोला की," आत्या म्हणाली.

"तुला न्हाई बाई. तुझ्या मायचं नाव सांगायले. आमी संगं खेळलेलो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ती. पोरीला तिनं आपलंच नाव ठिवलं. म्हणली, सासरी मला ह्या नावानं कोणी बोलवत न्हाई, हिला तरी हाक मारता यील."

आत्यानं खुर्ची म्हातारीजवळ ओढली आणि ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रिकाम्या जागी 'सगुणा' लिहिलं. त्याच्या खाली, तिच्या स्वतःच्या जागी, 'सगुणा' आधीपासून होतंच.

"वाचणाऱ्याला चूक वाटेल," मी म्हणालो.

"वाटू दे. तवाच तर कोणी विचारील."

आत्या आता नाही. ती पानं माझ्याकडं आहेत. परवा आमच्या नव्या सुनेनं ती चाळता चाळता मध्येच बोट ठेवलं. "बाबा, इथं एकच नाव दोनदा पडलंय."

मी तिला बसायला सांगितलं.