अंगठ्यांची हजेरी

आदरणीय धोंडिराम सोनकांबळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मैदानात आडवे पडलेले होते. लोह्याजवळच्या खेड्यातून मी आठवीसाठी चाकूरला मामाकडे आलो होतो. शाळेचा पहिलाच दिवस. लांब उडीच्या खड्ड्यापाशी एक शिक्षक गाल मातीला टेकवून पडलेत आणि मुलं एकेक करून त्यांच्या नाकासमोरून उड्या मारतायत. मला वाटलं, मास्तरांना भोवळ आली. मी धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. सर उठून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भोवळ न्हाई रे बाबा. पाय फळीवर पडायलाय का म्होरं, ते उभ्यानं दिसत न्हाई." मग मलाही उडी मारायला लावली. माझा पाय फळीच्या वीतभर मागे पडत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात अनेकांनी त्यांना 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हटलं असेल. ते खरंच आहे. पण सरांना यंत्राची हौस कधीच नव्हती, त्यांना मुलांचा पाय नेमका कुठे पडतो ते बघायचं होतं. पुढे मी बी.पी.एड. होऊन त्याच शाळेत दोन वर्षं तात्पुरत्या जागेवर त्यांच्या हाताखाली होतो. तेव्हा त्यांनी पहिला स्मार्टफोन घेतला. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "पीटीच्या मास्तरला मोबाईल कशाला? शिट्टी पुरत नाही का?" सर नुसते हसले. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीची उडी त्यांनी टिपली आणि तिला ती संथ गतीत दाखवली. ती पोरगी बघतच राहिली. "सर, ही मीच हाय? इतकी वर जायले?" त्या आठवड्यात खड्ड्यापाशी मुलींची रांग लागली.

मग एका मुलीचे वडील तावातावाने शाळेत आले. "पोरीचं शूटिंग कशापायी करायलात?" सरांनी वाद घातला नाही. फोन त्यांच्या हातात दिला, व्हिडिओ दाखवला आणि त्यांच्यासमोर पुसून टाकला. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. विद्यार्थ्याचा व्हिडिओ त्यालाच दाखवायचा आणि तास संपायच्या आत पुसायचा, कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. ग्रुपवर जाईल ते फक्त स्वतःचं शरीर. आज शाळाशाळांतून मुलांना नाचवून त्याच्या रील काढल्या जातात, तेव्हा मला सरांचा नियम आठवतो. त्या नियमाचा एक परिणाम मात्र आम्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. सरांच्या प्रत्येक व्हिडिओत सर एकटेच असत.

टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा बाकीचे विषय ऑनलाइन गेले आणि पीटीचा तास सगळ्यांच्या मते आपोआप रद्द झाला. सरांच्या मते तो झाला नाही. त्यांनी 'मैदान' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. रोज सकाळी साडेसहाला मोकळ्या मैदानात स्टुलावर फोन टेकवून ते व्यायाम करून दाखवत आणि तो व्हिडिओ पाठवत. बघून, करून झालं की विद्यार्थ्याने अंगठा टाकायचा. अंगठा आला की सर वहीत नावापुढे हजेरी मांडत. पाठवण्याआधी स्वतःचा व्हिडिओ ते कधी बघत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बघितलं की माणूस सजवाया लागतो. माझी चूकबी पोरांना दिसली पाहिजे."

शाळा उघडल्या, पण ग्रुप बंद झाला नाही. आम्ही जुने विद्यार्थीही त्यात शिरलो. सर निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला. घरात सर एकटे. शाळेच्या परवानगीने ते रोज सकाळी मैदानावर जात राहिले, व्हिडिओ येत राहिले, अंगठेही पडत राहिले. "आजही दीडशे जण सरांसोबत व्यायाम करतात," असं आम्ही मेळाव्यांतून छातीठोकपणे सांगायचो.

आता मला जे लिहायचं आहे, ते गौरवग्रंथात शोभेल की नाही याची मला खात्री नाही.

या लेखासाठी संपादक मंडळाने मला सरांचे सगळे व्हिडिओ पाहायला सांगितलं. लातुरात मी ज्या शाळेत शिकवतो, तिथे पीटीचा तास वेळापत्रकात असतो आणि वर्गात गणित चालतं. मैदानात क्लासला आलेल्या मुलांच्या दुचाक्या उभ्या असतात. त्यामुळे मला वेळच वेळ. खेळाच्या साहित्याच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी बसून मी दुपारी एकेक व्हिडिओ उघडू लागलो. आणि मला कळून चुकलं की, यातला एकही मी आधी पाहिलेला नाही. ग्रुपचा आवाज मी कधीच बंद करून ठेवला होता. सकाळी चहा पिता पिता अंगठा टाकायचा आणि पुढे सरकायचं, एवढंच माझं मैदान.

गेल्या हिवाळ्यातला एक व्हिडिओ सहा मिनिटांचा आहे. दुसऱ्याच मिनिटाला उडी मारताना सरांचा पाय मुरगळतो. ते खाली बसतात, उठायला जातात, पुन्हा बसतात. मैदान रिकामं. "अहो, कुणी हाय का?" अशी हाक ऐकू येते. दोनदा. मग बराच वेळ काही नाही. शेवटी सर हातांवर रेटत रेटत स्टुलाकडे येतात, त्यांचा घामेजलेला चेहरा जवळ येतो आणि व्हिडिओ संपतो. सवयीप्रमाणे त्यांनी तो न बघताच पाठवला. खाली अंगठेच अंगठे. वरून तिसरा माझा. सहा मिनिटांच्या व्हिडिओला मी पहिल्याच मिनिटात अंगठा टाकला होता.

दुसऱ्या दिवसाच्या व्हिडिओत सर खुर्चीवर बसलेले आहेत. "आज बसून करू या," म्हणतात, मान आणि खांद्यांचे व्यायाम दाखवतात. पुढचे तीन आठवडे सगळं खुर्चीवरच. "सर, का?" असं दीडशे जणांतल्या एकानेही विचारलं नाही. लाज हा शब्द मी आजवर पुष्कळदा वापरला असेन, पण तिचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

शनिवारी सकाळी मी चाकूरला गेलो. सर मैदानावरच होते, स्टुलावर फोन लावत होते. मी सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं हाय बालाजी," सर म्हणाले. "दहा मिनटाच्या व्हिडिओला दहा सेकंदात अंगठा येतो. इतकं गणित पीटीच्या मास्तरलाबी येतं."

"मग हजेरी कशाला मांडता, सर?"

"अंगठा आला म्हणजे पोरगं उठलं, बरं हाय. तेवढं कळतं, बास झालं." मग म्हणाले, "त्या दिवशी पाठवल्यावर ध्यानात आलं, सगळंच गेलं म्हणून. पुसायला बोट नेलतं. म्हटलं, ऱ्हाऊ दे. एखादा तरी फोन करील. संध्याकाळपर्यंत फोन जवळ घेऊन बसलो."

हे लिहू का, एवढंच मी विचारलं. "लिही. पण कुणाची नावं टाकू न्हको, पोरं खजील होतील," ते म्हणाले. रागवायची वेळ आली तेव्हाही सर आमचीच काळजी करत होते.

स्टुलावरचा फोन उचलून मी म्हटलं, "आज मी फोन धरतो." सरांनी फोन माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि खिशात टाकला. "म्होरं ये. हातभर अंतर ठेव. सावधान." चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. बाराव्या बैठकीला मला धाप लागली. सर मोजत राहिले, माझा वाकडा जाणारा गुडघा त्यांनी हात लावून सरळ केला. असा हात निवृत्तीनंतर त्यांना कुणाला लावता आला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ गेला नाही. का गेला नाही, हेही संध्याकाळपर्यंत कुणी विचारलं नाही.

सर, साठी हे काही वय नव्हे. आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, गुडघे, घोटे, नजर शाबूत राहो, असं या ग्रंथात आम्ही सगळेच मनापासून लिहितो आहोत. इतरांचं मी सांगू शकत नाही. मी दर शनिवारी पहिल्या गाडीने येतो आहे.